कोरियन सिनेमा आणि तेरा नंबरचा पाना

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. पण ज्याच्याविषयी लिहायचं त्याचं नाव सोडून कसं लिहिणार? म्हणून घेतेच. हिंदुराव. अंथुर्ण्यात रस्त्याकडेला आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, मागं घर. त्याआधी वीस वर्षं ते हवाई दलात होते. वैमानिक नव्हे. लढाऊ विमानाच्या पोटाखाली झोपून काम करणारे. गावात हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, आणि समजलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मला पहिला राग त्या पडलेल्या चेहऱ्यांचा आहे.

गॅरेजच्या भिंतीवर मोठी लाकडी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढली आहे. पाना जागेवर टांगला की आकृती झाकते, नसला की पांढरी दिसते. सकाळी काम सुरू करताना आणि प्रत्येक गाडी सोडताना हिंदुराव फळी मोजतात. एक जरी आकृती उघडी दिसली तर गाडी जागची हलत नाही. गिऱ्हाइकं चिडतात, दुसरीकडं जातात, आणि दोन महिन्यांनी परत येतात. बारामतीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं आमच्या शिवारावर घिरट्या घालतात. आवाज आला की हिंदुरावांची मान वर होते, घटकाभर ऐकतात, परत खाली. इतकं ते बोलतात विमानांविषयी. म्हणजे काहीच नाही.

न बोलायला कारण आहे. नोकरीत असताना एकदा संध्याकाळच्या मोजणीत त्यांचा एक पाना कमी भरला. त्यांनी लगेच वर सांगितलं. उडायला तयार असलेलं विमान थांबवलं. सहा तास ते उघडून तपासलं, आणि पाना सापडला बाहेर, नाल्याकडेच्या गवतात. विमानाला काही झालं नाही. पण हत्यार हरवलं म्हणून ह्यांच्या नावावर शिक्षा लागली आणि बढती दोन वर्षं मागं गेली. "नियमानंच झालं," असं हे आजही म्हणतात. सुट्टीला आले तेव्हा त्यांनी स्वतःच पारावर ही गोष्ट सांगितली. पुढच्या सुट्टीला आले तोवर गावातल्या गोष्टीत विमान पडलं होतं. त्याच्या पुढच्या सुट्टीत वैमानिकही मेला होता.

वीस वर्षं झाली, गावानं ते विमान काही वर उचललं नाही.

तर डिसेंबरात शाळेतल्या रेश्मा मॅडम गॅरेजवर आल्या. दहावीची पोरं, त्यातून पोरी, मोबाईलवर कोरियन काहीबाही बघतात. म्हणून मॅडमनी ठरवलं, एक लढाऊ वैमानिकाचा कोरियन सिनेमा हिंदीतून शाळेतच दाखवायचा आणि मग त्यात चांगलं काय, वाईट काय ते जाणकारानं सांगायचं.

"तात्या, तुमच्याशिवाय कोण हाय आपल्याकडं?" मॅडम म्हणाल्या.

ह्यांनी हातातला पाना पुसला, फळीवर लावला, आणि म्हणाले, "बघून सांगतो." मी आतून ऐकत होते. देवाला हात जोडले. म्हटलं, निदान पोरांना तरी कळेल हा माणूस काय करत होता.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. पोरं खाली, मोठी माणसं मागं खुर्च्यांवर. शाळा समितीतला रविराज आमच्या पुढच्याच रांगेत. पस्तिशीचा गडी, दोन ट्रॅक्टर, ऊस वाहतूक, आणि तोंड. हिंदुरावांनी वही आणली होती. पानावर मधोमध उभी रेघ ओढलेली. डावीकडं चांगलं, उजवीकडं वाईट.

सिनेमातला नायक देखणा, उद्धट, वरिष्ठांचं न ऐकणारा. तासाभरानं काय होतं, तर तळावरचा एक मेकॅनिक, बावळट, मळका, सारखा काहीतरी खात असलेला, विमानात पाना विसरतो. लक्षात येतं तेव्हा घाबरून गप्प बसतो. हवेत विमानाचं सुकाणू अडकतं आणि नायकाचा जिवलग मित्र मरतो. मग नायक त्या मेकॅनिकच्या थोबाडीत मारतो. तेवढ्यात मॅडमनी मधली सुट्टी केली. कशी नेमकी तिथंच केली देव जाणे.

दिवे लागले आणि रविराज खुर्चीत वळला. "काय तात्या, तुमचाच पाना हाय न्हवं का त्यो?"

हॉल हसला. मोठी हसली म्हणून पोरंही हसली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ह्यांना हळूच म्हटलं, "उठा. घरी चला."

"अजून निम्मा राहिलाय," हे वहीतून मान वर न करता म्हणाले. "निम्मा बघून कसं बोलू?"

"त्यानं काय म्हटलं ऐकलं न्हाय का तुमी?"

"ऐकलं की. बसा."

बसले. पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही. मला फक्त रविराजची मान दिसत होती.

सिनेमा संपला. हिंदुराव पुढं गेले आणि वही उघडली. मला वाटलं, आता सुनावतील. तर म्हणाले, "पहिलं चांगलं सांगतो."

आणि खरंच सांगत बसले. "जोरात वळण घेतलं की वैमानिकाच्या अंगावर त्याच्यासारख्या सात-आठ माणसांचा भार पडतो. तवा त्यो बोलत न्हाय, दात आवळून कण्हतो. ह्या नटानं ते बरोबर केलंय. आमचे साहेब उतरायचे तवा खांद्यावर पट्ट्याचे वळ असायचे. दुसरं, उडायच्या आधी हिरो एकटा जाऊन वकतो, चूळ भरतो आणि हसत बाहेर येतो. भ्यायलेला हिरो दाखवायला धाडस लागतं. तिसरं, धावपट्टीवर उन्हाची वाफ हलताना दाखवलीय. ती तशीच हलती."

कुणाची बाजू घेतोय हा माणूस! मी पदर इतका पिळला की त्याचा काठ चुरगळला.

मग त्यांनी उजवीकडची बाजू घेतली. "आता वाईट. शेवटच्या लढाईत त्योच हिरो उलटा उडत मित्राच्या आठवणीत दोन मिनिटं भाषण करतो. मग मघाशी दात कशाला आवळले? दुसरं. भोंगा वाजला की हिरो पळत जाऊन बसतो आणि उडतो. चाकाखालचे ठोकळे कुणी काढले? तेल कुणी भरलं? तपासून सही कुणी केली? विमान म्हंजे काय अंगणातली मोटारसायकल हाय?"

पोरं हसली. हे हसले नाहीत. त्यांचा आवाज चढायला लागला होता. लग्नाला तीस वर्षं झाली, मी तो आवाज चार वेळा ऐकला असेन.

"तिसरं. अडीच तासाच्या सिनेमात हिरोच्या कुत्र्याला नाव हाय. त्या मेकॅनिकला नाव न्हाय. सगळे त्याला 'ए' म्हंतात. त्यानं पाना हरवल्याचं लपवलं. असं होतच न्हाय असं मी म्हणणार न्हाय. माणूस भितो. पण का भितो? खरं सांगणाऱ्याचं पुढं काय होतं? ते दाखवायला सिनेमाकडं दोन मिनिटं न्हाईत. आणि त्याच्या थोबाडीत मारलेली तीन बाजूंनी, सावकाश, तीनदा दाखवलीय." वही मिटली. "माझाबी एकदा हरवला होता. मी सांगितलं होतं. विमान पडलं न्हाय. बास."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. रविराज मात्र बसल्या जागेवरून म्हणाला, "तात्या, पडलं न्हाय म्हंता, मग शिक्षा कशापायी झाली?"

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली आणि पोरं उधळली. प्रश्न तसाच हॉलमध्ये राहिला. 

सोमवारी रविराजचा ट्रॅक्टर आमच्याच गॅरेजात आला. लाज नाही. कारखान्यावर दुपारी त्याच्या उसाचा नंबर होता, म्हणून घाईत आणला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. दहाच्या सुमाराला माझी पूजा राहिली होती. मनात शनिवारच होता. हिंदुराव दुसऱ्या ट्रॅक्टरखाली होते. मी फळीवरचा एक पाना काढला, देवघरात नेला, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तसंच. म्हटलं, ह्याच्यापायी माझ्या माणसानं किती ऐकून घेतलं, आता तूच बघ देवा. मग कुणी हाक मारली, गाईची वैरण राहिली होती, मी मळ्यात गेले.

परत आले तर गॅरेजात आवाज चढलेले. रविराजच्या ट्रॅक्टरचं काम होऊन दीड तास झाला होता. मोजणीत तेरा नंबरचा पाना नव्हता. हिंदुरावांनी इंजिनवरचं झाकण दोनदा उघडून बघितलं होतं, खालची माती चाळली होती.

"अहो, एका पान्यासाठी?" रविराज ओरडत होता. "दहा आणून देतो! माझा नंबर गेला तिकडं!"

"गाडी जाणार न्हाय," एवढंच हे म्हणाले आणि झाकणाचा बोल्ट तिसऱ्यांदा हातात धरला. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर घाम.

फळीवर ती पांढरी आकृती बघितली आणि मला सकाळची पूजा आठवली. देवघरात गेले. फुलाखाली पाना, कुंकू लागलेला. पुसला. पदराखाली धरून बाहेर आले.

दोघांची पाठ माझ्याकडं होती. फळी चार पावलांवर. गुपचूप टांगायचा, आणि मग म्हणायचं, अहो, हा काय इथंच! रविराजसमोर मान खाली घालायची नाही, ह्यांचंही हसं व्हायचं नाही. कोण बघणार होतं? मी तीन पावलं गेले. पाना हातात गरम झाला होता. तेव्हा मला तो सिनेमातला खाणारा मेकॅनिक आठवला, आणि मला त्याचा राग आला नाही. राग यायला हवा होता.

"बोल्ट काढू नका," मी म्हटलं. "माझ्याकडं हाय. मीच नेला होता, पूजेला."

रविराज फिदीफिदी हसला. "घ्या! तात्या मातीत हुडकत्यात आन् पाना देवघरात! काकी, गप फळीवर लावला असता तर कुणाला कळलं तरी असतं का?"

"न्हाय कळलं असतं," मी म्हटलं.  "तुझं इंजिन दोनदा माझ्यापायी उघडलं, हेबी न्हाय कळलं असतं. शनिवारी इचारलं होतंस न्हवं, शिक्षा कशापायी? ह्याच्यापायी. सांगितलं म्हणून. आता जाऊन पारावर सांग, हिंदुरावाच्या बायकोनं ट्रॅक्टर पाडला!"

 हिंदुरावांनी माझ्या हातातला पाना घेतला, टांगला, फळी पहिल्यापासून मोजली, आणि किल्ली रविराजला दिली. मग नोंदवही काढून लिहिलं, तारीख, तेरा नंबर, दीड तास, देवघरात मिळाला. आणि पुढं माझं नाव. शालन.

"माझं नाव कशाला लिहिलं?" मी म्हटलं.

"नेला कुणी?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

महिन्यानं रविराज परत आला. काम झालं, ह्यांनी किल्ली पुढं केली, पण त्यानं घेतली नाही. फळीसमोर उभा राहिला आणि ओठ हलवत एक एक पाना मोजला. मग किल्ली घेतली. माफी त्यानं मागितली नाही, शनिवारबद्दलही नाही, वीस वर्षांबद्दलही नाही. माझा राग आहे तिथंच आहे. पण त्या दिवशी त्याला चहा मी दिला.