गुळमट

आज आमटीत जरा जास्तच गूळ पडला होता. पहिल्याच घासाला मी ओरडले, "आई, गुळमट झालीय गं!"

हा माझा आवडता शब्द. पत्रकं लिहिणारी मी, तो दुसऱ्यांच्या लिखाणावर दगडासारखा फेकते. टपोरे अश्रू, मावळतीचे रंग, बाईला देवी म्हणणं, सगळं गुळमट! पण शब्द आला स्वयंपाकघरातून. गूळ इतका पडतो की चिंचेचा आंबटपणा, मिरचीचा तिखटपणा जिभेला कळतच नाही. गोडानं काहीतरी झाकलेलं असतं.

"असेल बाई," आई म्हणाली. "कालपासून अंगात ताप आहे. तोंडाला चवच नाही."

माझ्या ताटाशेजारी महिला दिनाचं पत्रक पडलं होतं. पहिलीच ओळ होती, 'आईच्या हाताला अमृताची चव असते.' आईपासून चार हात लांब बसून सकाळभर मी ती ओळ घोटत होते. फोडणीचा आवाज येत होता, मधूनमधून खोकल्याचाही. मी मान वर केली नाही. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, आणि त्याचं मला कौतुकही वाटलं होतं.

पत्रक ताटाखाली सारणार, तोवर आईनं ते उचललं. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचलं.

"छान लिहिलंयस गं," ती म्हणाली. तिला खरंच आवडलं होतं. मग ओट्याला टेकत तिनं विचारलं, "अजून वाढू थोडी?"