मामांच्या कमरेचं यंत्र
सरकीच्या तेलाचा वास आला की मला खामगावातलं मामांचं घर आठवतं. मामांना कंपवात होता आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मामींनी त्यांच्या कमरेला पावलं मोजायचं जुनं यंत्र अडकवलं होतं. ते खिशातल्या घड्याळाएवढं होतं. आत स्प्रिंगवर तोललेला एक जड दांडा असतो. पाऊल पडलं की तो झुकतो, दातेरी चाक एका दात्याने सरकतं आणि तबकडीवरचा काटा पुढे जातो. "पाह्य रे बापू, काल पुरे दोन मैल चालले हे! नातीच्या लग्नात आपल्या पायानं मांडवात जातीन," असं म्हणून मामी चहा ठेवायला आत गेल्या. मामा खुर्चीत बसले होते. पाय जमिनीवर स्थिर होते. थरथरणारा उजवा हात मात्र यंत्राला लागत होता आणि प्रत्येक धक्क्याला आतून टिक असा आवाज येत होता. मी तबकडीकडे पाहिलं; काटा पुढे सरकत होता. मामांनी माझी नजर ओळखली. "तिले सांगू नको बापा," ते हळूच म्हणाले, "रोज काटा पाहून हासते बिचारी." तेवढ्यात मामी कप घेऊन आल्या. "सरकला ना काटा?" त्यांनी मला विचारलं. "सरकला," मी म्हणालो. ते खरं होतं. मामी आजही त्या दोन मैलांची गोष्ट कौतुकाने सांगतात आणि मी मान डोलावतो.