एका सेकंदाची हजेरी

कार्यालयाचा फोटो तो वर्षातून एकदाच काढायचा आणि उरलेलं वर्ष त्याच्या काळजीत घालवायचा. तसा त्याचा स्टुडिओ होता. तिथे अर्जांना चिकटवायचे चेहरे तो दिवसभर टिपत बसे. पण त्याचं लक्ष उजेडावर. घरात शिरला की आधी खिडकीकडे बघायचा, मग बायकोकडे.

"आज स्वयंपाकघरात अर्ध्या सेकंदाचा उजेड आहे," तो म्हणायचा.

"मग त्या अर्ध्या सेकंदात पाणी भरून द्या," बायको म्हणायची.

बायको त्याच, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होती, आणि तिची मान हलायची. डावीकडून उजवीकडे, बारीक, सतत. नाही, नाही, नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती तोंडाने हो म्हणाली आणि मानेने नाही. त्याने तोंडावर विश्वास ठेवला. सासरे मात्र बरेच दिवस मानेकडेच बघत होते.

कार्यालयाच्या फोटोची पद्धत त्याच्या गुरूने घालून दिलेली. त्रेसष्ट माणसं इमारतीच्या पायऱ्यांवर, आठ ओळींत. समोर तिवईवर मोठा लाकडी कॅमेरा. भिंगाचं छिद्र बावीसवर, म्हणजे वाटाण्यापेक्षा थोडं मोठं. आकडा वाढला की छिद्र लहान होतं, हे त्याला पहिल्या महिन्यात उलटं वाटलं होतं. पुढे बाकीच्या गोष्टीही तशाच असल्याचं कळलं आणि तो विषय संपला. छिद्र लहान ठेवलं की पहिल्या ओळीतल्या साहेबांपासून शेवटच्या ओळीतल्या शिपायापर्यंत सगळे सारखेच रेखीव येतात. पण तेवढ्याशा भोकातून उजेड सावकाश आत येतो. पायऱ्यांवर दिवसभर सावली. म्हणून शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवायचं. त्या सेकंदात जो हलेल त्याचा धूर होतो.

"उजेड फुकट मिळत नाही," गुरू सांगायचा. "छिद्र मोठं कर, नाहीतर वेळ वाढव, नाहीतर तेज फिल्म घाल. प्रत्येक वेळी काहीतरी जाणार. पण लक्षात ठेव, फोटोत सगळे, नाहीतर कोणी नाही."

एका वर्षी त्याने फ्लॅश लावून पाहिला. साहेबांच्या टकलावर तो असा उमटला की हेडक्लार्कने यादीत त्या जागी 'दिवा' लिहिलं.

ही यादीच सगळ्याच्या मुळाशी होती. फोटो आला की हेडक्लार्क भिंग घेऊन बसायचा आणि त्यावरून त्या दिवसाची हजेरी लिहायचा. मस्टरवर कोणीही सही करू शकतं, फोटोत कोणीही येऊ शकत नाही, असा तिथला नियम. ऑपरेटरबाईंच्या जागी दरवर्षी धूर असायचा, म्हणजे गैरहजेरी. एकोणीस वर्षं ती त्या दिवसाची रजा टाकत आली होती. त्या दिवशीचे सगळे फोन तिनेच जोडलेले असत.

या वर्षी ती निवृत्त होणार होती. निवृत्त होणाऱ्याला फोटोत वेगळी खुर्ची मिळे, पायऱ्यांपासून तीन पावलं पुढे. मग त्याच फोटोतला चेहरा कापून, मोठा करून जिन्याजवळच्या भिंतीवर लावत. स्टुडिओत काढलेला चालत नसे. स्टुडिओत कोणीही नीट बसतं, असं हेडक्लार्कचं म्हणणं.

"काहीही करा," बायको म्हणाली, "पण त्या भिंतीवर माझा धूर लावू नका. लोक विचारतील, इथे काय जळलं होतं?"

"एक सेकंद मान धर ना."

"एकोणीस वर्षं धरतेय. धरली की जास्त हलते."

"हनुवटीखाली एखादी काठी दिली तर?"

"त्यापेक्षा कुंपण घाला."

मग तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. मान थांबलेली दिसायला हवी तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागात मिटायला हवं. म्हणजे उजेड शंभरपट कमी. चौपट तेज फिल्म घातली तर थोडा परत मिळेल. फोटो दाणेदार होईल, होऊ दे. उरलेल्यासाठी छिद्र सताड उघडायचं. पण सताड उघडं छिद्र एकाच अंतरावरचं नीट बघतं. खुर्ची दिसली तर पायऱ्या नाहीत.

"म्हणजे बासष्ट माणसं जाणार," तो म्हणाला.

"जातील कुठे? मागेच उभी असतील."

"दिसणार नाहीत."

"मी तरी कुठे दिसत होते?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. गुरूला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्याने मनातल्या मनात त्याची परवानगी मागितली. मिळाली नाही.

फोटोच्या दिवशी तो सवयीने ओरडला, "हलू नका." त्रेसष्ट जणांनी श्वास रोखला. शटर टिचकी मारल्यासारखं वाजलं. माणसं तशीच उभी. साहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"झालं," तो म्हणाला.

"कधी?" साहेबांनी दातांतून विचारलं.

"मघाशी."

स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, पाण्यातून हळूहळू एक बाई वर आली. त्याने तिला ओळखलं नाही. तीस वर्षं या चेहऱ्याशी तो बोलत होता, आणि तो थांबलेला त्याने एकदाही पाहिला नव्हता. डाव्या भुवईवर लहानसा व्रण होता.

"हा कधीचा?" घरी गेल्यावर त्याने विचारलं.

"लहानपणीचा. झोक्यावरून पडले होते." तिने फोटो बराच वेळ हातात धरला. "बरी आहे की मी," ती म्हणाली. मान नाही म्हणत होती.

फोटोत तिच्या मागे आठ ओळींत बासष्ट झिजलेले साबण उभे होते.

हेडक्लार्कने भिंग लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग प्रामाणिकपणे लिहिलं: हजर एक, गैरहजर बासष्ट. त्यात स्वतःचंही नाव घातलं.

"मी तिथे होतो," साहेब म्हणाले.

"दिसत नाही, साहेब."

"हा टाय माझा आहे."

"टायची हजेरी लावता येत नाही."

साहेबांनी फोटोवाल्याला बोलावून घेतलं. हा फोटो रद्द, उद्या जुन्या पद्धतीने दुसरा. जुनी पद्धत म्हणजे एक सेकंद, आणि एक सेकंद म्हणजे भिंतीवर धूर. टेलिफोनच्या खोलीत जाऊन त्याने बायकोला सांगितलं. तिने कानावरचं यंत्र काढलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"रद्द कशाला?" ती म्हणाली. "त्यात मी हजर आहे. हजर माणसाला पुन्हा हजर कसं करणार? जे गैरहजर आहेत त्यांनी उभं राहावं."

हेडक्लार्कने नियमांचं पुस्तक चाळलं. "बाईंचं बरोबर आहे, साहेब. खुर्ची मात्र ठेवावी लागेल. खुर्चीचा नियम आहे."

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बासष्ट माणसं आणि पुढे रिकामी खुर्ची. छिद्र बावीस, वेळ एक सेकंद. फोटोवाल्याने काळं कापड बाजूला केलं आणि ओरडायचं काम या वेळी बायकोवर सोपवलं. ती शेजारीच उभी होती. टेलिफोनवरच्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "इकडे बघा. कोणीही हलू नका."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती मान हलवत होती. नाही, नाही, नाही. आधी शिपायाची मान हलली, मग हिशेबनिसाची, मग कुणाच्या नकळत आठही ओळींची. साहेबांनी आपली मान हाताने धरली. त्यांचा हातही हलला. शटर मिटलं.

बासष्ट जणांचा धूर झाला होता. खुर्ची इतकी रेखीव आली की वेताची वीणही मोजता यावी. हेडक्लार्कने तिची नोंद केली.

साहेबांनी तिसरा फोटो काढायचं मनावर घेतलं नाही. सगळ्यांनी त्या पहिल्या दिवसाची रजा टाकली. आता रजा मंजूर करायची तर त्या दिवशी हजर असलेल्या कोणाची तरी सही हवी, आणि यादीत हजर एकच माणूस. ऑपरेटरबाईंपुढे बासष्ट अर्जांचा गठ्ठा आला. सर्वांत वर साहेबांचा.

बाहेर जिन्याजवळ फोटोवाला खिळा ठोकत होता. ती एकेक अर्ज घेऊन सावकाश सही करत होती. हेडक्लार्क तिच्या मानेकडे बघत उभा.

"बाई," त्याने भीत भीत विचारलं, "नक्की मंजूर ना?"

"तोंडाकडे बघा," ती म्हणाली, आणि पुढचा अर्ज ओढला.