चादरीवरची खूबकला

मुलाला गोवर आला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या चाची वर आल्या. मूळच्या येवल्याच्या, लग्न होऊन पंचवटीत आलेल्या. डॉक्टरांचं औषध चालूच होतं. त्यांनी ओढणीच्या टोकाला बांधलेली पुडी सोडली आणि खसखशीएवढं लालसर बी पोराच्या चादरीवर भुरभुरवलं. खूबकला म्हणतात म्हणे. मोहरीच्या जातीतलं रानटी रोप. त्यांच्या माहेरी गोवर आलेल्या पोराच्या अंगाखाली हे बी पसरतात, तापाला उतार पडतो. एवढं सांगून त्यांनी पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि बिस्मिल्ला म्हणून काहीतरी पुटपुटल्या.

मी तोंडभरून बरं झालं आलात म्हणाले, चहाही पाजला. आणि त्या जिना उतरल्या न उतरल्या तोच माझ्या डोक्यात किडा वळवळला. मंतरलेलं तर नसेल हे? मला कुणी शिकवलं नव्हतं हो, कुणावर ढकलू? ज्यांच्या कुंडीतला पुदिना रोज चटणीत वाटते त्यांच्याबद्दलचं हे माझं स्वतःचं खूळ. तापाने फणफणलेल्या पोराला बाजूला केलं, चादर गॅलरीतून झटकली आणि भिजत टाकली. संध्याकाळी त्यांनी जिन्यातून विचारलं, चादर बदलली नाहीस ना? मी म्हणाले, नाही चाची, तीच आहे.

पोरगं बरं झालं. मी सगळं विसरूनही गेले, निर्लज्ज मेली.

थंडीत एकदा पुदिना मागायला खाली गेले. त्यांच्या कुंड्या आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. पुदिन्यात आणि फरशीच्या फटीत बारीक पिवळ्या फुलांची लुकडी रोपं उभी होती. मी तण समजून उपटायला वाकले.

“राहू दे,” चाची म्हणाल्या. “खूबकला आहे ती. माझी नानी अंगणात लावायची. मी तर इथे कधी पेरली नाही.”

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. गॅलरीत पोराची तीच चादर वाळत होती. माझे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी पुदिना खुडला, निवडला, माझ्या हातात दिला.

“पोराचा ताप उतरल्यावरच झटकलीस ना, बेटी?”

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.