लाईट गेल्यावर उरलेला सूर

देव आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. त्याला ऐकू येतं का, याबद्दल मात्र होती. शंका घ्यायचा मला हक्कही होता, कारण मी स्वतः आवाजाच्या धंद्यातली. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या ऑर्केस्ट्रांत सिंथेसायझर वाजवणारी बाई तेव्हा बहुधा मी एकटीच. सन ऐंशीच्या सुमाराचा माझा एक फोटो घरात आहे. चमकीची साडी, अंबाड्यात प्लॅस्टिकचं फूल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की वीज जणू मीच तयार करते आणि गावाला पुरवते. एका बोटाने ढग गडगडवायचे, दुसऱ्याने घोडे दौडवायचे. टाळ्या पडायच्या आणि ही बया समजायची, टाळ्या आपल्याला आहेत. त्या घोड्यांना होत्या, हे कळायला साठी उलटावी लागली.

घरात मात्र एक श्रोता टाळी न वाजवणारा होता. माझ्या सासूबाई, आम्हा सगळ्यांच्या आई. डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीचं भजनी मंडळ त्या चालवायच्या. टाळ हातात आला, की पाच फुटांची ती बाई छताला लागायची. हार्मोनियमला त्या नमस्कार करूनच हात लावायच्या; माझ्या यंत्राला साधं "बरं आहे" सुद्धा नाही. म्हणायच्या, "पेटीला भाता असतो गं, ती माणसासारखा श्वास घेते. तुझी ही भिंतीतून श्वास घेते. भिंतीत कुठला आलाय देव?" मीही काही कमी नव्हते. "आई, खांबात असतो तर भिंतीत का नसावा?" मग हसू दाबत म्हणायच्या, "वाजव, वाजव. पण भाकऱ्या झाल्यावर."

नव्वद साल उलटून गेल्यावर एका सकाळी आई देवघरापुढे बसल्या त्या उठल्याच नाहीत. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण ओठांवर काही यायचं नाही. मंडळातल्या बायका भेटायला आल्या, आईंना बरं वाटावं म्हणून पलंगाशी बसून अभंग म्हणू लागल्या. पहिल्याच ओळीला आईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायका म्हणाल्या, "बघा, भाव कसा दाटून आलाय!" पुढच्या गुरुवारीही तेच झालं, तेव्हा मी नीट पाहिलं. आई शब्द जुळवायला ओठ हलवत होत्या आणि शब्द पुढे निघून जात होते. डावा हात उजव्या हाताला शोधत होता, टाळ धरायला. तो भाव नव्हता. आयुष्यभर जी दिंडी आपण पुढे राहून चालवली, ती आपल्याला मागे टाकून चालली आहे, हे त्या बघत होत्या. त्या दिवसापासून घरात भजन बंद, रेडिओ बंद. कोणतंही गाणं लागलं की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

मी गावदेवीला गेले. माझा नवससुद्धा कसा दिमाखाचा, ऐका. म्हटलं, "आईंना त्यांचं गाणं परत दे, तुझ्या उत्सवात मी फुकट वाजवीन." जसं काही देवीचं माझ्यावाचून अडलं होतं! देवी गप्प. घरी आले आणि चिडून रियाजाला बसले. मला एक सवय होती. खालचा सा धरून ठेवायला दोन पट्ट्यांच्या फटीत आगपेटीची काडी खोचायची, म्हणजे पट्टी दबलेली राहते आणि दोन्ही हात मोकळे. काडी खोचली, पांढरी पाच या पट्टीतला सा घुमू लागला, आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. मी धावले. शेगडी पुसून परत येते, तर सा तसाच घुमतोय आणि आईंचं तोंड भिंतीकडे नाही. माझ्या यंत्राकडे आहे. डोळे कोरडे, कपाळ सैल. ज्या पेटीला भाता नाही म्हणून हिणवलं, तिच्याकडे त्या गावदेवीकडे बघावं तशा बघत होत्या.

तेव्हा मला कळलं, की आजवर आम्ही सगळे त्यांना शब्दांच्या आणि तालाच्या मागे पळवतच होतो. मग त्यांच्यासाठी मी असं वाजवायला लागले, ज्यात गाठायला शब्द नाही आणि धरायला ताल नाही. सा लावून द्यायचा. बऱ्याच वेळाने त्यावर पंचम, दुरून धूर यावा तसा. तो विरला, की एखादा ऋषभ, आला-गेला न कळणारा. घोडे नाहीत, ढग नाहीत. आमचे हे पेपरातून डोकं काढून विचारायचे, "अगं, पाण्याचा पंप चालू राहिलाय का?" मी म्हणायचे, "हो, बंद करू नका."

मला ठाण्याला कार्यक्रमांना जावं लागे, तेव्हा आईंसाठी हेच कॅसेटवर भरून ठेवावं असं ठरवलं. तर नेमकी आमच्या टू-इन-वनची, म्हणजे रेडिओ-टेपची वायर जळाली. कल्याणच्या बाजारात गेले, वायर मिळेना. एका दुकानात जाड सेल होते, तेही शेवटचे चार, आणि ते माझ्या आधी आलेल्या बाईंनी हातात घेतलेले. मी दुकानदारावर वैतागले. त्या बाई वळल्या. "कशाला हवेत, ताई?" म्हटलं, "आजारी सासूसाठी गाणं भरायचंय." त्यांनी सेल माझ्या पिशवीत टाकले. "घ्या. मी खडवलीला शाळेवर असते. आमच्याकडे कंदिलाची सवय आहे." मी नावही विचारलं नाही. घाईत होते ना, मोठी कलावंत!

त्याच संध्याकाळी आईंच्या पलंगाशी टू-इन-वन ठेवला, सेलवर चालू केला आणि वाजवायला बसले. सा, पंचम, पुन्हा सा. हात मनासारखा लागला होता. मनात म्हटलंही, वा! आणि लाईट गेली. पंखा थांबला, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर गप्प झाला, यंत्राचे लाल दिवे विझले. मी पट्टीवरून हात उचलला आणि वीजवाल्यांना चार शब्द ऐकवायला तोंड उघडलं.

सा चालूच होता.

अगदी बारीक, घोगरा, पण जागचा न हललेला. मला वाटलं यंत्रात काही उरलंय. मी काडी उपसली. तरी सा चालूच. मग श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि पुन्हा तोच सा. खिडकीतल्या अंधुक उजेडात पाहिलं, आईंचे ओठ मिटलेले होते, डावा हात छातीवर होता, आणि त्या गात होत्या. कधीपासून गात होत्या कोण जाणे. माझ्या आवाजाखाली मला ऐकू आलं नव्हतं. दारात हे चष्मा हातात घेऊन उभे. मी पदर तोंडात धरला. कारण सेलवरचा टू-इन-वन फिरत होता, आणि त्या क्षणी मध्ये बोलायचं नाही एवढी अक्कल, देवीच्या कृपेने, मला आली.

आई पुढे कधी बोलल्या नाहीत. पण जगल्या तोवर रोज संध्याकाळी माझ्याबरोबर सा लावत राहिल्या, आणि भिंतीकडे तोंड म्हणून पुन्हा फिरवलं नाही. त्या गेल्यावर मी ते सगळं वाजवणं एकत्र करून कॅसेट काढली, 'नुसता सूर'. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत घोडे पुरवल्यावर ही पहिली माझी. माजिवड्याजवळ कॅसेट काढणारे एक ओळखीचे होते. त्यांनी ऐकून घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, गाणं कधी सुरू होणार?" म्हटलं, "तेच चालू आहे." मग म्हणाले, "शेवटी तुमची लाईट गेलीये. तेवढं कापू." मी म्हटलं, "हवं तर बाकीचं कापा. ते राहील." फार खपली नाही. पण कोळीवाड्यातली एक आई तान्ह्याला निजवायला ती लावायची, एका दवाखान्यात ती झिजेपर्यंत वाजली, आणि मला त्याचा अभिमान आहे. नम्रपणा मी पुढच्या जन्मी शिकेन.

गावदेवीकडे मी आईंचं गाणं मागितलं होतं, आणि ते कसं यावं हेही मीच ठरवून ठेवलं होतं. ते आलं ते जळालेल्या वायरीतून, खडवलीच्या अनोळखी बाईंच्या हातून आणि मी शिव्या देणार होते त्या अंधारातून. माझ्याकडून हवं होतं ते एवढंच, की मी हात उचलावा. तोही मी आपण होऊन नाही उचलला, लाईट गेली म्हणून उचलला. तरी देवीने तो मोजला.

परवा नात ती कॅसेट ऐकत होती. दुसरी बाजू संपत आली. तिने विचारलं, "आजी, यात तू कुठे वाजवतेयस?"

"आता नाही वाजवत," मी म्हटलं. "म्हणून तर ऐक."