शेवटच्या घराचा रस्ता

आज फ्रँकफर्टमध्ये आमच्या गल्लीत डांबर टाकत होते. त्या गरम, उग्र वासाने मला थेट फ्राउ केलर या आजींच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं.

काही वर्षांपूर्वी पुरात त्यांच्या दरीतले रस्ते वाहून गेले होते आणि दुरुस्तीच्या सरकारी निधीसाठी आंत्राग, म्हणजे अर्ज, तिथल्या पालिकेच्या कचेरीत मी तयार करत होतो. केलर आजी-आजोबांचं घर रस्त्याच्या टोकाला, एकटंच. आजोबांना डायलिसिसला न्यायला येणारी गाडी तुटलेल्या पुलापाशी थांबायची. तिथपर्यंत दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून चिखलातून न्यायची.

आजींनी माझ्यापुढे प्लमचा केक ठेवला. भिंतींना अजून गाळाचा वास येत होता.

"आल्झो, तर मग आमचा रस्ता यादीत आहे ना?"

एकाच घराचा रस्ता ठेवला तर सगळा अर्ज अडकेल, असं कचेरीतले साहेब म्हणाले होते. तो रस्ता मी सकाळीच यादीतून खोडला होता.

"हो, आहे ना," मी म्हणालो.

"हान्स, ऐकलंस का? रस्ता होतोय!" आजींनी आत हाक मारली. मी आत गेलो तेव्हा आजोबांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. तेव्हा वाटलं, त्यांना एक चांगला दिवस दिला. आज कळतं, मला फक्त तिथून निघायचं होतं.

बाकीच्या रस्त्यांना निधी मंजूर झाला. हिवाळ्यात बर्फामुळे गाडी पुलापर्यंतही येईना. आजोबा गेले, आजींना वृद्धाश्रमात हलवलं. मग त्या रस्त्याची फाइल माझ्याकडे आली. "इथे कोणी राहत नाही," असा शेरा मारून मी ती बंद केली.