अण्णांनी वायरमनची परीक्षा दिली

अर्धा एकर कोरडवाहू जमीन, पत्र्याचं घर आणि शिकणारी तीन भावंडं. आई लोकांच्या शेतात भांगलणीला जायची, पण ते काम काय वर्षभर नसतं. घर चालायचं ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वायरिंगवर. कुंडलच्या आसपासच्या पाच-सहा गावांत कुणी नवं घर बांधलं की फिटिंगला अण्णांना बोलावणं यायचं. सांगलीतल्या एका परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली ते बरीच वर्षं काम शिकले होते. पुढे स्वतंत्रपणे करू लागले, पण स्वतःचा परवाना काही त्यांनी काढला नव्हता. सातवी शिकलेल्या माणसाला सरकार परवाना देतं, हेच त्यांना खरं वाटत नव्हतं.

मग एकदा वीज मंडळाचा माणूस दारात आला. शेजारच्या गावातून तक्रार गेली होती. चहा पिऊन त्यानं शांतपणे सांगितलं की परवाना काढा, नाहीतर नव्या फिटिंगला हात लावू नका, पुन्हा सापडलात तर मला वर लिहून कळवावं लागेल. त्या दिवसापासून अण्णांची हत्यारांची पिशवी खुंटीला लागली. धाकट्या भावाची शाळा सुटते की राहते, अशी पाळी आली.

मी तेव्हा कराडला कॉलेजात, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातली कॉलेजचं तोंड बघितलेली पहिलीच, आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. लायब्ररीतून नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि अण्णांना मराठीत सांगत बसले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण आहे त्या जागी बदलायचं असेल तर परवाना लागत नाही. नवी लाइन ओढायची, पॉइंट वाढवायचा, तर परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातूनच.

"म्हंजी बटण बदलायला मी शाणा," अण्णा म्हणाले, "आन बटणापर्यंत वायर न्यायला येडा व्हय?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते सांगलीला गेले. जुन्या ठेकेदारानं अनुभवाचा दाखला तिथल्या तिथं लिहून दिला, वर इतकी वर्षं का मागितला नाही म्हणून रागावला.

दर शनिवारी मी घरी येऊन त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचे. मला सूत्रं यायची, त्यांना वस्तू. अर्थिंगची व्याख्या मी घडाघडा म्हटली, तर ते म्हणाले की अर्थिंगसाठी खणलेल्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकताना बघून एका म्हातारीनं करणी करतोय म्हणून काम थांबवलं होतं. मग तिच्याच हातानं मीठ घालायला लावलं, तेव्हा गाडं पुढं सरकलं. हे माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

परीक्षा साताऱ्याला होती. मी सोबत गेले आणि दाराशी उभी राहून बघत होते. जिन्याचा दिवा खालून-वरून लागावा अशी जोडणी अण्णांनी सगळ्यांच्या आधी केली. मग परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं, बोर्डावर सप्लाय आहे का बघा. तारेत वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प टेबलावर ठेवलेला होता. अण्णांनी सवयीनं हात पालथा केला आणि बोटाची मागची बाजू तारेला टेकवली.

"हाय की, साहेब."

जुने वायरमन असंच बघत. झटका बसला तरी मूठ तारेवर मिटत नाही, हात मागं येतो. साहेब ओरडले नाहीत. "तुम्ही वाचलात," ते म्हणाले, "पण तुमचं बघून उद्या दुसरा कुणी बोट लावेल, त्याचं काय?" आणि नापास केलं.

कराडच्या स्टँडवर अण्णांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "साहेब खरं बोलला गं."

पन्नाशीला आलेल्या माणसानं हाताची सवय मोडणं मी तेव्हा बघितलं. पुढचे सहा महिने त्यांनी उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधली होती, हात पुढं गेला की आठवण व्हावी म्हणून. घरातला बल्ब बदलायचा तरी मेन बंद, कुणी परत बसवू नये म्हणून फ्यूज काढून खिशात, मग टेस्ट लॅम्प, मगच स्टूल. आई म्हणायची, "आवं, चुलीला करंट लागत न्हाई म्हणून बरं, न्हाईतर उपाशीच मेलो असतो." ते हसायचे, पण एकही पायरी गाळायचे नाहीत. मी कॉलेजात इतकी हुशार मुलं पाहिली. चुकलो म्हटल्यावर इतक्या मुकाट्यानं सुधारणारं कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला ते एकटेच गेले. टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर लावून तोच ठीक आहे का ते बघितलं, मग बोर्डावर. बोर्ड उघडायच्या आधी फ्यूज काढला, खिशात टाकला, आणि काम उरकून नमस्कार करून तसेच निघाले. साहेबांनी दारातून परत बोलावलं, "अहो, आमचा फ्यूज तेवढा द्या." हे सांगताना अण्णा स्वतःच लाजत होते.

ते पास झाले. मी बी.एस्सी. झाले त्याच वर्षी परवाना पोस्टानं घरी आला, आणि सातवी शिकलेले माझे वडील सरकारमान्य वायरमन झाले. सांगलीच्या त्याच ठेकेदारामार्फत त्यांनी दिवाळीच्या आत तीन नव्या घरांची फिटिंग पुरी केली. भावाची शाळा सुटली नाही.